गायरुतीचं संवर्धन

लतिका क्षेमकल्याणी यांना खोटं बोलता येत नसे. हा काही त्यांचा सद्गुण म्हणून सांगत नाही. खरं तर ती एक अडचणच होती. लग्नाच्या पंगतीत यजमानांनी हौसेनं श्रीखंड कसं झालंय म्हणून विचारलं, तर बाई "आंबट आहे" म्हणून मोकळ्या व्हायच्या. एकदा कॉलेज तपासायला बाहेरची समिती आली होती. "प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत ना?" असं समितीनं विचारलं आणि बाईंनी "निम्मी" असं उत्तर दिलं. तेव्हापासून समिती यायची म्हटलं की प्राचार्य त्यांची रजा मंजूर करून टाकत, त्यांनी न मागता. नाशिकच्या त्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि जीव अडकलेला त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे डोंगरावरच्या एका चिखलात.

हो, चिखलातच. लोकांचा जीव नातवंडांत अडकतो, फ्लॅटच्या ताब्यात अडकतो, यांचा चिखलात. त्या चिखलाचं नाव गायरुतीचा माळ. कधीकाळी कुणाची तरी गाय तिथं पोटापर्यंत रुतली होती, म्हणून गायरुती. डोंगरमाथ्यावर एक सपाट जागा, बारा महिने ओली, झाड नावाला नाही, नुसतं गुडघाभर गवत आणि लव्हाळा. पाय ठेवला की जमीन गादीसारखी दबायची, कारण ती धड जमीन नव्हतीच. पाण्यात बुडालेलं गवत नीट कुजत नाही. ते साचत जातं, दुधावर साय धरावी तसं, थरावर थर, आणि हजारो वर्षांनी त्याचा एक काळा, भुसभुशीत, पाणी पिऊन बसलेला जाड थर होतो. त्याला पीट म्हणतात. थंड देशांत अशा जमिनी कोसच्या कोस पसरलेल्या असतात, पण आपल्या डोंगरावर असं काही असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लतिकाबाईंनी लांब नळी दाबून थर वर काढले, तपासायला पाठवले, आणि तळचा थर चार-पाच हजार वर्षांचा निघाला, तेव्हा त्या स्टाफरूममध्ये पेढे घेऊन गेल्या. कशाचे पेढे असं विचारल्यावर "चिखलाचे" म्हणाल्या, त्यामुळे निम्म्या लोकांनी घेतले नाहीत.

माळाच्या खालच्या अंगाला आवळपाडा. पाड्याला पाणी एका झऱ्याचं. माळ पावसाळाभर पाणी पिणार आणि उन्हाळाभर हळूहळू सोडणार, असा सगळा कारभार. वैशाखात आसपासच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागायच्या, पण आवळपाड्याच्या झऱ्याला करंगळीएवढी धार कायम असायची. कुसाबाई याच पाड्यावरच्या, लतिकाबाईंच्याच वयाच्या आणि तोंडानं फटकळ. माळावरून उतरताना लतिकाबाई त्यांच्याकडे थांबायच्या, नाचणीची भाकरी खायच्या आणि चार टोमणे ऐकून घ्यायच्या. "आज किती चिखल चालवला, बाई? घरी सून बोलत नाय का?" हा ठरलेला प्रश्न. सून नाही, लग्नच केलेलं नाही, हे उत्तरही ठरलेलं. त्यावर कुसाबाई "मग बरंय, चिखलाला बोलणारं कोणी नाय" म्हणून भाकरीवर भाकरी वाढायच्या.

कुसाबाईंचं माहेर पेठच्या अंगाला, आणखी आत. तिथंही असाच एक माळ होता, गायरुतीहून मोठा. एकदा कुसाबाईंनीच लतिकाबाईंना तिकडं नेलं होतं. तो माळ बघून लतिकाबाई चपला काढून सरळ गवतात शिरल्या होत्या. पण त्यावर त्यांनी अजून एक अक्षर लिहिलं नव्हतं. तो निवृत्तीनंतर करायचा, असं मनाशी ठरवून ठेवलं होतं, आवडीचा घास ताटात शेवटी ठेवतात तसा.

दुखणं होतं चराचं. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढी मोकळी जागा आहे, झाडं लावू. झाडं लावायची तर पाणी काढायला हवं, म्हणून माळाच्या कडेनं एक चर खणला. झाडं पहिल्याच वर्षी मेली, चर तेवढा जगला. त्या चरातून माळ गळायला लागला. गेल्या उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीची सुतळी झाली, आणि लतिकाबाईंनी कपाळाला हात लावला. चर असाच राहिला तर दोन-चार उन्हाळ्यांत पीट सुकणार, एकदा सुकलं की ते पुन्हा पाणी धरत नाही, आणि झरा बसणार. त्यांचं मागणं अगदी साधं होतं: चर बुजवा आणि माळाला हात लावू नका. या दोन वाक्यांसाठी त्यांनी किती कार्यालयांचे जिने झिजवले ते त्यांच्या गुडघ्यांना विचारा. एक कार्यालय म्हणे, जमीन आमची पण चर त्यांचा. दुसरं म्हणे, चर आमचा पण जमीन त्यांची.

"आम्हीच बुजवतो की," कुसाबाई म्हणाल्या. "चार पोरं लावली तर दोन दिसांचं काम हाय."

"नको. सरकारी चर आहे, उगाच पोरांवर केस होईल. आपण रीतसर करू."

"करा बाई तुमचं रीतसर," असं म्हणून कुसाबाई भाकरी थापायला बसल्या.

अशात देवव्रत उगवले. विज्ञान-धोरण दुवा कक्ष असं एक नवं दालन सरकारनं उघडलं होतं आणि देवव्रत त्याचे प्रमुख होते. बारा महिने जाकीट, चेहरा हसरा, आणि बोलणं असं गोड की समोरच्याला आपण आधीच हो म्हणालोय असं वाटावं. "शास्त्रज्ञ एका तीरावर, शासन दुसऱ्या तीरावर," ते पहिल्याच फोनवर लतिकाबाईंना म्हणाले. "मधला पूल आम्ही." पुलाशिवाय त्यांचं एक भाषण व्हायचं नाही. पण खरं सांगायचं तर लतिकाबाईंना त्या फोननं फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत सरकारनं आपण होऊन केलेला तो पहिला फोन होता.

कार्यशाळा गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये ठेवली होती. विषय पाणथळ जागांचा, आणि दर खुर्चीपुढे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन-दोन बाटल्या. लतिकाबाई आलेखांची जाड चळत घेऊन गेल्या. देवव्रतांनी ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि खुर्चीखाली सरकवली.

"मॅडम, पाच मिनिटं. आलेख नकोत, आकडे नकोत. आकडा दिसला की शासन चहा मागवतं."

"मग बोलू काय?"

"गोष्ट सांगा. जागा डोळ्यांपुढं उभी करा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत्ता उठून तिथं जावं."

लतिकाबाईंनी मन लावून जागा उभी केली. डोंगरावर कुठंही नसेल अशी सपाट जागा. चहूबाजूंनी मोकळं आभाळ. एक झाड नाही, एक घर नाही, मालकीचा तंटा नाही, सगळी जमीन सरकारी. खालून कच्चा रस्ता माथ्यापर्यंत जातो. आणि या जागेच्या पोटात हजारो वर्षांचं पाणी आहे, वगैरे वगैरे. सभागृहातले लोक टाळीच्या बेतानं ऐकत होते. दुसऱ्या रांगेत रंगनाथ नावाचे एक अभियंते डुलक्या घेत होते. त्र्यंबक भागातले रस्ते, पूल, सरकारी बांधकामं त्यांच्याकडे होती. सिंहस्थ तोंडावर आलेला, शहर उकरून ठेवलेलं, बिचाऱ्यांना झोप मिळायची ती अशा कार्यशाळांतच. "सपाट" हा शब्द कानावर पडला आणि रंगनाथ सरळ बसले.

भाषण संपल्यावर प्रश्न विचारणारे ते एकटेच. "मॅडम, सपाट म्हणजे साधारण किती सपाट?"

लतिकाबाईंचा चेहरा उजळला. विद्यार्थीसुद्धा हल्ली प्रश्न विचारत नसत. "तळहातासारखी," त्या म्हणाल्या.

"आसपास विजेच्या तारा, टॉवर वगैरे?"

"एकही नाही."

"वारा कसा असतो?"

पक्ष्यांची काळजी आहे या माणसाला, लतिकाबाईंना वाटलं. त्यांनी वाऱ्याची दिशासुद्धा ऋतुवार सांगितली. रंगनाथांनी सगळं लिहून घेतलं. चर बुजवायचा मुद्दा शेवटी आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि लोक ताटं घ्यायला उठले होते. पण परतताना लतिकाबाई खुशीत होत्या. सरकारात ऐकणारी माणसं आहेत, आपणच आजवर चुकीच्या दारांवर टकटक केली, असं त्या रिक्षावाल्यालासुद्धा म्हणाल्या.

आणि आश्चर्य म्हणजे, काम झालं. म्हणजे इतक्या झपाट्यानं झालं की लतिकाबाईंना जरा धडकीच भरली. गायरुती पीटभूमी संवर्धन प्रकल्प मंजूर. देवव्रत स्वतः पेढे घेऊन कॉलेजात आले, आणि या वेळी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी घेतले. उद्घाटनाला मुंबईहून फार मोठे पाहुणे येणार होते.

"चर कधी बुजवायचा?" लतिकाबाईंनी विचारलं.

"ते दुसऱ्या टप्प्यात, मॅडम."

"पहिल्या टप्प्यात काय आहे?"

"उद्घाटन."

"आणि?"

"कमान आहे, माहितीफलक आहे, सेल्फी पॉइंट आहे. पण मुख्य म्हणजे उद्घाटन. अहो, एवढा माणूस तिथं येऊन उभा राहिला की चराचं काय घेऊन बसलात." देवव्रतांनी आणखी एक पेढा पुढं केला. "तुम्ही माहितीपुस्तिका लिहायला घ्या. जागेची तयारी आमच्याकडे लागली."

लतिकाबाई पुस्तिका लिहायला बसल्या. त्यातच परीक्षा आल्या, पर्यवेक्षण आलं, माळावर जायला सवड होईना. जागेची तयारी म्हणजे काय, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण रीतसर चाललेल्या कामात सारखी नाक खुपसणारी बाई म्हणून आपलं नाव व्हायला नको, असंही वाटलं. मग एके दिवशी दुपारी कुसाबाईंचा फोन आला.

"बाई, तुमचं रीतसर आलं बरं का."

"काय आलं?"

"मशीन."

लतिकाबाई पेपरांचा गठ्ठा तसाच टाकून निघाल्या. माथ्यावर पोहोचल्या तेव्हा त्यांना आधी वाटलं, गाडीवाल्यानं भलत्याच डोंगरावर आणलं. गवत नव्हतं. माळाच्या मधोमध मुरूम टाकून, रोलर फिरवून, काँक्रीट ओतून एक भलं मोठं गोल पटांगण झालं होतं, आणि त्यावर एक माणूस पांढऱ्या रंगानं इंग्रजी एच काढत होता. जुना चर माणूसभर खोल झाला होता आणि समोरच्या अंगाला त्याचा नवा जुळा भाऊ जन्मला होता. दोन्हीतून काळं पाणी खळाळत चाललं होतं. कडेला काळ्या मातीचे ढीग.

रंगनाथ छत्रीखाली उभे होते. लतिकाबाई दिसताच ते हात जोडून पुढं आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनची कृतज्ञता होती.

"मॅडम, तुमचा शब्द शंभर टक्के खरा निघाला. तळहातासारखी जागा. या सगळ्या पट्ट्यात हेलिपॅडला जागा मिळत नव्हती, सगळीकडे उतार नाहीतर तारा. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं? सिंहस्थातसुद्धा कामाला येईल. फक्त ओल फार होती हो. आता बघा, खडखडीत."

"ती ओलच ठेवायची होती," लतिकाबाई म्हणाल्या.

"हेलिकॉप्टर रुतलं असतं, मॅडम."

"आणि हे ढीग?"

"ते चाललेत उचलून. द्राक्षवाले मागतायत, खत फार भारी आहे म्हणे. सायखेड्याच्या एका बागायतदारानं कालच दोन ट्रॉल्या नेल्या."

लतिकाबाई त्या ढिगाजवळ गेल्या. मूठभर उचललं. वरचं सुकून भुगा झालं होतं, आतलं अजून ओलं आणि गार होतं. राग इतका आला होता की रडू फुटत नव्हतं, आणि रडू इतकं आलं होतं की ओरडता येत नव्हतं. त्यांनी तिथूनच देवव्रतांना फोन लावला.

"मॅडम, शांत व्हा," देवव्रत म्हणाले. "हेलिपॅडचा तुकडा संवर्धन क्षेत्रातून आपण रीतसर वगळलाय. कागदावर माळ शाबूत आहे."

"तो तुकडा मधोमध आहे."

"नकाशात अगदी टिकलीएवढा दिसतो हो."

"देवव्रत, पाणी दोन्ही चरांतून चाललंय. हेलिपॅड राहू दे, पण चर आज बुजवले नाहीत तर या उन्हाळ्यात खालचा झरा आटेल. मी उद्या पेपरात देते सगळं."

मग देवव्रत अगदी घरच्यासारखे बोलू लागले. "द्या की. तुमचा हक्कच आहे. मग काय होईल सांगू? प्रकल्प रद्द होईल. संवर्धन जाईल, हेलिपॅड राहील. त्यापेक्षा माझं ऐका. उद्घाटनाला दोन मिनिटं तुमची. पाहुणे समोर असतील. त्यांच्यापुढं चराचं बोला. ते नुसतं 'हो' म्हणाले ना, की संध्याकाळपर्यंत चर बुजलाच समजा. पूल बांधत आणलाय आपण, आता तुम्हीच तो पाडू नका."

आता इथं कुणी म्हणेल, बाईंनी ऐकायला नको होतं. म्हणायला काय जातं. पण डोळ्यांपुढं झरा होता, आणि हातात दोन मिनिटांशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. लतिकाबाईंनी पेपरात दिलं नाही. त्या दोन मिनिटांचं भाषण घरी आरशापुढं उभं राहून पाठ करत राहिल्या.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव काय, गालिचा काय, आवळपाड्याची पोरं शाळेच्या गणवेशात रांगेनं उभी काय, थाट विचारू नका. कमानीवर बगळा काढला होता. गायरुतीवर बगळा कधी कुणी पाहिला नव्हता, पण पाणथळ म्हटलं की बगळा हवा. ऊन चढत गेलं. पांढऱ्या एचवर धूळ बसू नये म्हणून दोन माणसं ओल्या फडक्यानं तो पुसत होती. पुसायला पाणी झऱ्यावरून आणलं होतं. सगळे माना वर करून आभाळाकडे बघत होते. आभाळात एक घार फिरत होती, बाकी काही नव्हतं.

मग देवव्रतांचा फोन वाजला. ते बाजूला जाऊन बोलून आले आणि हसतमुखानं म्हणाले, "थोडा बदल आहे. साहेबांचा पुढचा कार्यक्रम लागलाय, ते नाशिकमधूनच कळ दाबतील."

पडदा लागला. पडद्यावर पाहुणे दिसले, एका थंडगार खोलीत. त्यांनी कळ दाबली, आणि इकडे माहितीफलकावरचा कपडा एका शिपायानं दोरी ओढून पाडला. टाळ्या झाल्या. गायरुतीच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. लतिकाबाईंना शाल आणि नारळ मिळाला. त्या माईकपाशी गेल्या, "आदरणीय" एवढा एक शब्द बोलल्या, आणि पडद्यावरची खोली काळी झाली. पलीकडचे उठून गेले होते.

तरीही त्यांनी भाषण केलं. पाठ केलेलं सगळं, चरासकट, खाली बसलेल्या रंगनाथांकडे बघून. रंगनाथांनी या वेळीसुद्धा नीट ऐकलं. संपल्यावर जवळ आले आणि वाईट वाटलेल्या माणसासारखं म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय हो. पण चर आता बुजवता नाही येणार. पाणी साचलं तर हेलिपॅडला तडे जातील. ती आता सरकारी मालमत्ता आहे. तिचं नुकसान होईल असं काही मला करता येत नाही."

कुसाबाई मांडवाच्या खांबाला टेकून सगळं बघत होत्या. लतिकाबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांना वाटलं होतं, आता एक सणसणीत टोमणा येईल. कुसाबाईंनी नुसता नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि कानाशी धरून हलवला.

"पाणी हाय यात," त्या म्हणाल्या. "एवढं तरी रीतसर मिळालं."

झरा चैत्राच्या शेवटी बसला. आधी सुतळी, मग थेंब, मग नुसता ओला दगड, मग कोरडा दगड. आवळपाड्याच्या बायका पहिल्यांदा हंडे घेऊन पलीकडच्या पाड्याच्या विहिरीवर गेल्या, आणि तिथल्या बायकांनी त्यांना रांगेत सगळ्यात मागं उभं केलं. लतिकाबाई दर आठवड्याला माळावर जायच्या. नळी दाबून बघायच्या. वर येणारा थर हातात घेतला की विडीच्या राखेसारखा उडायचा. त्यांनी पाहणी करणं सोडलं नाही, पण भाकरी खायला त्या कुसाबाईंकडे थांबेनात. कुठल्या तोंडानं थांबणार?

वैशाखात देवव्रतांचा पुन्हा फोन आला, फार आनंदात. आवळपाड्याला टँकर मंजूर झाला होता, तोही पीटभूमी संवर्धन प्रकल्पाच्या निधीतून. "बघा, विज्ञानामुळे गावाला पाणी मिळालं," ते म्हणाले. "हिरवा झेंडा तुमच्याच हातून दाखवायचा. नाही म्हणू नका."

लतिकाबाई गेल्या. नाही म्हटलं असतं तरी टँकर आलाच असता. निदान तो किती भरलाय हे तरी बघावं म्हणून गेल्या. पाड्यात जायची वाट अरुंद, त्यामुळे टँकर माथ्यावर आणून हेलिपॅडवर उभा केला होता, बरोबर एचवर. डोंगरावर जड वाहन उभं राहील अशी ती एकच पक्की जागा. हेलिपॅडचा तो पहिला उपयोग. टँकरवर कमानीवरचाच बगळा रंगवलेला. पाड्यातल्या बायका डोंगर चढून हंडे घेऊन आल्या होत्या; पाणी जे पूर्वी आपण होऊन खाली यायचं, ते न्यायला आता त्या वर आल्या होत्या. देवव्रत जाकिटात घामाघूम होऊन फोटोवाल्याला कोन समजावत होते. रंगनाथ होते. लतिकाबाईंच्या हातात झेंडा दिला गेला. टँकर आधीच येऊन उभा होता, त्यामुळे झेंडा नक्की कुणाला दाखवायचा हे कुणालाच कळेना. शेवटी त्यांनी तो हंड्यांच्या रांगेला दाखवला.

फोटो झाल्यावर त्या कुसाबाईंपाशी गेल्या.

"कुसाबाई, माझं चुकलं."

कुसाबाई रांगेत एक पाऊल पुढं सरकल्या. पुढच्या बाईचा हंडा सरकवला, आपला सरकवला. "बाई, तुम्ही यायच्या आधी हा माळ कोणाला ठावं नव्हता," त्या म्हणाल्या. "एका गायीला ठावं होता तेवढा. तिनं कोणाला सांगितलं नाय."

एवढ्यात देवव्रत लगबगीनं आले, मागोमाग रंगनाथ. "मॅडम, फार मोठी बातमी आहे. गायरुतीचं मॉडेल वरपर्यंत आवडलंय. यशोगाथा म्हणून दिल्लीला चाललंय. दुसऱ्या टप्प्याचा निधी तयार आहे, फक्त जागा हवी. जिल्ह्यात अशी दुसरी पीटची जमीन असेल तर नाव सांगा. सर्व्हे नको, अहवाल नको. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुमचा शब्द हाच पुरावा."

रंगनाथांनी खिशातून पेन काढलं. "थोडी सपाट असली तर बरं," ते म्हणाले. "पेठकडे आम्हाला एक हेलिपॅड लागणारच आहे."

लतिकाबाईंच्या डोळ्यांपुढं तो दुसरा माळ आला. मांडीपर्यंत गवत, पाय ठेवला की दबणारी जमीन, आणि त्यांनी न लिहिलेलं सगळं. पंगतीत श्रीखंडालासुद्धा गोड म्हणता न आलेली ही बाई. कुसाबाई हंड्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"नाही," लतिकाबाई म्हणाल्या.

"एकही नाही?"

"एकही नाही. सगळा डोंगर मी पालथा घातलाय. अशी दुसरी जागा जिल्ह्यात नाही."

देवव्रतांचा चेहरा पडला. रंगनाथांनी पेन तसंच धरून कुसाबाईंकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही या भागातल्या. माहेर कुठलं तुमचं?"

"पेठकडचं."

"मग तिकडं कुठं अशी ओली जागा, दलदल वगैरे?"

"तिकडं?" कुसाबाई म्हणाल्या. "तिकडं नुसता खडक हाय, साहेब. पाणी थांबायला जागा नाय. बाई सांगते तेच खरं. ती खोटं बोलत नाय."

रंगनाथांनी पेनाला टोपण लावलं. देवव्रत फोटो बघायला फोटोवाल्याकडे गेले. कुसाबाईंचा नंबर आला, हंडा भरला, आणि लतिकाबाईंनी तो उचलायला हात लावला. दोघी मिळून माथ्यावरून उतरू लागल्या. वळण आलं, टँकर दिसेनासा झाला, तशा कुसाबाई थांबल्या.

"जमलं की, बाई, तुम्हाला." बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या. "चला आता भाकरी खायला. आन माहेरी कधी जायाचं, तेवढं सांगा. तुमचा तो चिखल तपासायचा राहिलाय ना."

लतिकाबाईंनी हंडा खाली ठेवला. पाठीमागं माथ्यावर कुणीतरी टँकरचा हॉर्न वाजवत होतं.

"जायचं नाही, कुसाबाई," त्या म्हणाल्या. "मी तर नाहीच नाही. आपण गेलो की मागं वाट पडते."